काळ्या कापडावर काळा दोरा

मी तीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले. मग दुकान बंद झालं, पण हात काही बंद होईनात. तेव्हापासून मोडीत निघालेली प्रत्येक वस्तू मी पुन्हा कामाला लावतो आणि ती बहुधा पुन्हा मोडीत निघते. बायको मला उपद्व्यापी म्हणते. इतक्या वर्षांत ती मला पदवीच वाटायला लागली आहे.

माझी कर्तबगारी ऐका. जुन्या सीडी प्लेअरच्या ट्रेवर साबण ठेवून तो मी बेसिनपाशी बसवला. बटण दाबलं की साबण बाहेर यायचा आणि आपण हात पुढे करेपर्यंत आत जायचा. एका जुन्या मोबाईलची मी दारावरची घंटी केली. ती वाजली की पाहुणे स्वतःचेच खिसे चाचपत उभे राहायचे. टेपरेकॉर्डरच्या मोटरीवर अंडी फेटायचं यंत्रही केलं होतं. त्याचे डाग छतावर अजून आहेत.

हे सगळं पुढच्या खोलीत चालतं. एका भिंतीला माझं भंगार, समोरच्या भिंतीला बायकोचं शिवणाचं मशीन. गेल्या महिन्यात ती म्हणाली, "मशीन विकून टाकते. पुरे झालं आता."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. तिची पाठ वळताच तिचीच मोजपट्टी घेऊन मी ती भिंत मोजली. दोन मोठे टीव्ही आरामात मावले असते.

तेवढ्यात शेजारच्या वकीलबाई दारात आल्या. "तुम्ही तरी समजवा हो त्यांना. माझे काळे कोट बावीस वर्षं त्याच शिवतात. आता काळं कापड हातातच घेत नाहीत. काळ्यावर काळा दोरा दिसत नाही म्हणे. चष्म्याचा नंबर वाढवून उपयोग नाही, चांगला उजेड घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलंय."

मी मोजपट्टी खिशात लपवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. नुसत्या आवाजावरून टीव्हीचा बिघाड ओळखणारा माणूस म्हणून माझी ख्याती! घरात कुणाला काय हवं असेल याचा शोध घेत मी वर्षानुवर्षं हिंडलो आणि खरी गरज समोरच्या भिंतीला बसून दोरा ओवत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"मला का नाही सांगितलंस?" मी बायकोला विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही काहीतरी बनवलं असतं."

बनवलंच. भंगारात पडदा फुटलेला एक टीव्ही होता. फुटका पडदा काढला, मागचे दिवे राहू दिले, त्यांचा उजेड पसरवणारे पातळ पांढरे कागद पुसून पुन्हा बसवले. चालू केल्यावर भिंतीला खिडकी पाडल्यासारखा उजेड आला. डोळ्यांवर येत नव्हता की हाताची सावली पडत नव्हती. मशीनच्या वर तो मी तिरका टांगला. पहिल्या खेपेला तो माझ्या पायावर पडला, पण ते सोडा.

तिनं वकीलबाईंचं काळं कापड घेतलं, काळा दोरा ओवला आणि हातभर शिवण मारली. मग कापड उलटंसुलटं करून बघितलं.

"दिसतंय हो," ती म्हणाली. तिनं शिवणीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. "नाही विकत आता."

मला गहिवरून आलं. पण आपला स्वभाव कुठला जायला! मी छाती फुगवून उजेडात जाऊन उभा राहिलो. तिथंच चुकलं.

ती माझ्या छातीकडे टक लावून बघायला लागली. "हा शर्ट गडद निळा ना? मग बटणांना तपकिरी दोरा कुणी लावला?"

"तूच लावलास."

"अगं बाई! कधी?"

"वर्ष झालं असेल."

"आणि वर्षभर हाच घालताय? तुम्हाला दिसलं नाही?"

"नाही."

"काढा तो," तिनं निळ्या दोऱ्याचं रीळ उचललं. "आणि उद्या तुम्हीही डोळे तपासून या."

मी शर्ट काढून दिला. माझे डोळे ठणठणीत आहेत, हे तिला सांगायची मला लाज वाटली.