बाबांचं तेल

सर्व उपस्थितांना नम्र विनंती. आपापल्या जागा घ्याव्यात, लहान मुलांना जवळ घ्यावं, आणि ज्यांच्या गाड्या फाटकासमोर आडव्या लागल्यात त्यांनी त्या आत्ताच काढाव्यात. एक अत्यंत गंभीर स्वरूपाची घोषणा होणार आहे. ही घोषणा आजवर कुठल्याही मांडवात, कुठल्याही माइकवरून झालेली नाही; आजही ती कागदावरच होतेय.

तर — माझ्या डोक्यावरचे केस माझे नाहीत.

हसलात? हसा. मी थांबतो. हशा ओसरेपर्यंत थांबायची मला सवय आहे. रत्नागिरीत आणि आजूबाजूच्या गावांत लग्नं, सत्कार, स्नेहसंमेलनं यांत माइक धरून बोलणारा माणूस मी. बोलणं हाच माझा धंदा. पण खरं सांगू? केसांचं हे तसं काहीच नाही. केसांचं बायकोला ठाऊक आहे. "कुणा भलत्याच बाईचे केस डोक्यावर घेऊन माझ्या शेजारी झोपता," म्हणून ती अजून टोमणे मारते. जे तिलाही ठाऊक नाही, ते या केसांच्या खाली आहे. आणि तिथवर जायचं म्हटलं की मी — मी, माइकवाला! — माइक दुसऱ्याच्या हातात देतो. म्हणून जरा आडवळणानं जातो.

चाळिशी उलटली आणि माझं कपाळ मागं मागं सरकत गेलं. स्टेजवरचा दिवा टकलावर पडला की पुढच्या रांगेतली पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायची. मी त्यावरही विनोद करायचो. पण घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो की उरलेले केस मोजायचो. नवे निवेदक आले होते, भरघोस केसांचे. मला बोलावणं कधी बंद होईल, याची धास्ती मी रोज दाढीच्या साबणाबरोबर तोंडाला लावत होतो.

मग बाबा गेले. दहाव्याला क्षौर झालं. वस्तरा फिरत होता, मी रडत होतो. अगदी खरं रडत होतो. आणि त्या रडण्यातच एक विचार शहाण्या मुलासारखा पुढं येऊन उभा राहिला: आता सगळे माझे केस उगवायची वाट बघतील. बापासाठी केलेल्या टकलाला कुणी टक्कल म्हणत नाही. आणि उगवलेल्या केसांना कोण विचारणार, की तुम्ही आधी कुठं होतात?

पुढं काही महिने मी टोपी घातली. आणि रत्नागिरीतल्याच राजिवड्याला नसीमाकडे गेलो.

नसीमा नवऱ्यामुली सजवते. आखातात सलूनमध्ये काम करून आली आहे, आणि ज्या मुलींचे केस पुढून विरळ असतात त्यांना ती फ्रंटल बसवते. फ्रंटल म्हणजे कानापासून कानापर्यंत कपाळाच्या वर चिकटणारी तलम जाळी, तीत एकेक केस गाठ मारून ओवलेला. मी मांडवात तिचं काम अनेकदा बघितलं होतं. म्हणजे बघितलं नव्हतं, तीच तर त्या कामाची गंमत! मी तिला मोबाइलमधला एका नटाचा फोटो दाखवला, म्हटलं हे असं हवं.

"काका, ही लाइन लावली तर लोक लाइन बघतील, तुम्हाला नाय बघणार."

"मग कशी लावायची?"

"वयाला शोभेल अशी. कानशिलाकडे जरा मागं घ्यायची, पुढची ओळ विरळ ठेवायची, मधे चार पांढरे घालायचे. थोडं बिघडवलं का खरं वाटतं."

तिनं मला खिडकीपाशी बसवलं आणि जाळीचे तुकडे एकामागून एक कपाळाला लावून बघितले. ट्यूबलाइटखाली निवडलेली जाळी उन्हात उघडी पडते, म्हणाली. मग कपाळ स्पिरिटनं पुसलं, गोंदाचा पातळ हात दिला. पांढरा गोंद पार दिसेनासा होईपर्यंत मला हलू दिलं नाही. जाळी टेकवली, कंगव्याच्या पाठीनं दाबली, आणि पुढची कड मुद्दाम वेडीवाकडी कापली. सरळ कापली तर कपाळावर पट्टी मारल्यासारखी दिसते म्हणे. आरशात बघितलं आणि मला हसूच फुटलं. मीच होतो हो — दहा वर्षांपूर्वीचा, जरासा थकलेला मी!

"एकच सांगते," नसीमा हात धुता धुता म्हणाली. "दर थोड्या दिवसांनी नवीन बसवायला यायचं. आणि तेल लावायचं नाय. थेंब पण नाय. तेल लागलं का गोंद सुटला."

तेल. बघा, नेमकं तेल.

त्यानंतरचं पहिलंच मोठं लग्न. मी माइक हातात घेतला, आणि वरपक्षाकडचा एक वात्रट काका मागून ओरडला, "काय हो, डोक्यावर कलम बांधलंत की काय?" आख्खा मांडव हसला. हापूसवाल्यांचा मांडव तो, कलम म्हणजे काय ते पोराटोरांना कळतं. आणि बिचाऱ्याला कल्पना नव्हती की त्यानं नेमकं तेच सांगितलं होतं. मला दरदरून घाम फुटला. घाम म्हणजे पुन्हा गोंदाची काळजी. आणि माझ्या तोंडातून, सवयीनं, गोड आवाजात, निघून गेलं — "बाबांचं तेल!"

एकदा सुरुवात केल्यावर थांबतोय कुठला? माझ्या वडिलांचे केस शेवटच्या दिवसापर्यंत दाट होते, हे खरं. जाण्याआधी त्यांनी मला जवळ बोलावून एका तेलाची कृती कानात सांगितली, हे खोटं. माका, जास्वंदीची पानं, मेथी, घरचं खोबरेल — तिथल्या तिथं रचलं. बाबा जाताना मला खरं काय म्हणाले सांगू? "पंखा कमी कर."

मांडवात टाळ्या. बायका भोवती जमल्या, कृती विचारायला लागल्या. आणि मला नसीमा आठवली. थोडं बिघडवलं का खरं वाटतं. म्हणून मी मान हलवत म्हटलं, "सगळ्यांना लागू पडत नाही हां. मनापासून चोळलं पाहिजे. मनात शंका ठेवून चोळलं तर नाही येत." किती सुंदर कड कापली मी त्या थापेला!

त्या गर्दीत माझी धाकटी बहीण होती. शुभा. गुहागरला दिलेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बाबांनी जाताना काहीतरी मागं ठेवलं, हे तिला त्या मांडवात, माझ्या तोंडून कळलं.

तिची मुलगी तन्वी तेव्हा नववीत होती. तिला चाई लागली होती. डोक्यावर दोन वाटोळे गुळगुळीत चट्टे. चिपळूणला डॉक्टरांकडे उपचार चालू होते, डोक्याच्या कातडीत बारीक इंजेक्शनं. डॉक्टर म्हणाले होते, लवकर आलात, बरं झालं.

हे सगळं मला ठाऊक होतं. होतं ना! ठाऊक नसतं तर मी आज इथं कशाला घाम पुसत बसलो असतो?

एका सकाळी शुभाचा व्हिडिओ कॉल आला. मी आदल्याच दिवशी राजिवड्याहून नवीन बसवून आलो होतो. ती म्हणाली, "दादा, तेल केलंय तू सांगितलंस तसं. पण एक विचारते रे. चिपळूणचं बंद करू काय? डोक्यात सुया टोचतात, पोर नुसती किंचाळते. तेलानं होईल ना?"

आता बघा. इथं एक वाक्य पुरे होतं. "बंद करू नको" एवढं. खोटं कबूल न करताही म्हणता आलं असतं — दोन्ही चालू ठेव. म्हणता आलं असतं की नाही? आलं असतं. पण पडद्याच्या कोपऱ्यात माझा स्वतःचा चेहरा दिसत होता, त्या छोट्या चौकोनात. मी बहिणीकडे नव्हतो बघत, मी त्याच्याकडे बघत होतो. केस काय सुरेख बसले होते! कानशिलाकडचे ते चार पांढरे — आणि मी — हसत —

मी म्हटलं, "अगो, माझ्याकडे बघ ना."

हे ते. हेच कुणाला सांगितलेलं नाही.

तिनं बघितलं. आणि चिपळूणला जाणं बंद केलं.

पुढं पुढं मी फोन घ्यायला घाबरायला लागलो. मासे निवडताना फोन वाजला की हातातला बांगडा सुटायचा. दोन चट्ट्यांचे चार झाले. मग दोन एकमेकांना मिळाले. तन्वी शाळेत ओढणी बांधून जायला लागली. शुभा म्हणायची, "हीच नीट चोळत नाय रे दादा. मन नाय तिचं." मागून तन्वीचा आवाज यायचा, "चोळते गो आई! रोज चोळते!" आणि एकदा शुभानं फोन तिच्या हातात दिला, तेव्हा मी — मामा — त्या पोरीला म्हणालो, "मनापासून चोळ हां."

नंतर दिवाळी आली. भाऊबीजेला बहिणीनं भावाच्या डोक्याला तेल लावायचं, पाटावर बसवून आंघोळ घालायची, ओवाळायचं. मागच्या खेपेला मी सर्दीचं निमित्त काढून निसटलो होतो. या वेळी शुभा ऐकेना. जयगडहून फेरीबोटीनं निघालो तेव्हा खाडीवर असला वारा, की मी पूर्ण वेळ कपाळावर हात धरून उभा होतो. बायको म्हणाली, "कुणाला सलाम ठोकताय?" तिला हसू येत होतं. मला त्या दिवशी कशाचंच हसू येत नव्हतं.

गुहागरला घरापुढच्या खळ्यात पाट मांडला होता, भोवती रांगोळी. वाटीत कोमट तेल. वासावरून ओळखलं. मीच रचलेली कृती, तिनं माझ्यापेक्षा मन लावून केलेली. शुभानं देवासमोर ठेवलेली बाटली आणून दाखवली, मग म्हणाली, "तन्वी, मामाच्या डोक्याला तू लाव गो. मी निरांजन बघते." आणि बायकोला घेऊन आत गेली.

"तन्वी, मी सकाळीच लावलंय," मी म्हटलं.

"मामा, गप बस. आईनं सांगितलंय."

मी उठू शकलो असतो. उठलो नाही, कारण उठायला कारण द्यावं लागलं असतं, आणि कारणं संपली होती. तिनं ओंजळभर तेल माझ्या टाळूवर ओतलं आणि चोळायला लागली. जोर लावून, दोन्ही हातांनी, मनापासून! तेल कानशिलावरून ओघळलं. आणि मग कपाळाच्या वर, जिथं कित्येक महिन्यांत बाहेरचा वारा लागला नव्हता, तिथं गार वारा लागला.

तिचे हात थांबले. तिनं एका बोटानं कड उचलली. जरा वाकून आत बघितलं. मग ती समोर आली, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि तिच्या तोंडून एक वाक्य निघालं. एवढ्या मोठ्यानं, की आतून शुभानं विचारलं, "काय गो?"

ते वाक्य मी अजून लिहिलेलं नाही. लिहितो.

तन्वी आईला म्हणाली, "काय नाय." अंगठ्यानं कड दाबून बसवली, माझ्या डोक्याला घट्ट टॉवेल गुंडाळला, आणि शुभा तबक घेऊन बाहेर आली तेव्हा तिला बजावलं, "तेल जिरूदे आई, टॉवेल सोडू नको त्याचा." शुभानं मला टॉवेलवरच ओवाळलं. कुंकू लावताना तिचं बोट टॉवेलच्या कडेला लागलं. ती मागं सरकून बघत राहिली. वाडीत काम करताना बाबा असाच टॉवेल बांधायचे. "अगदी बाबांसारखा दिसतोस रे," म्हणाली.

दिवाळी संपल्यावर तन्वीनं घरी जाहीर केलं की तिला चिपळूणला जायचंय, सुया तर सुया. कारण सांगितलं नाही. हळूहळू केस आले. सगळीकडे नाही. डाव्या कानावरचा एक मोठा चट्टा राहिलाच. मधे फार वेळ गेला, असं डॉक्टर म्हणाले. कुणामुळे गेला, याचा शुभानं आपल्यापुरता निकाल लावलाय: तिच्यामुळे. पोरीचं रडं बघवलं नाही म्हणून मीच थांबवलं, असं ती दर भेटीत मला सांगते. आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणतो, "जाऊ दे गो."

बाटली अजून तिच्या देवापाशी आहे. केस अजून माझ्या डोक्यावर आहेत, या वेळी पांढरे जरा जास्त घातलेत. तन्वी आता कॉलेजात जाते, केस उजवीकडून डावीकडे वळवते. तिनं आईला काही सांगितलेलं नाही. का, ते मी तिला विचारलेलं नाही.

त्या दिवशी खळ्यात मला वाटलं होतं ती चिडेल. रडेल. निदान माझ्यावर हसेल तरी. यातलं काही झालं नाही. तेलानं माखलेले हात तसेच हवेत धरून ती उभी होती, आणि तिचा चेहरा असा उजळला, जसं कुणी तिच्या पाठीवरचं ओझं उतरून घेतलंय. ती ओरडली —

"म्हणजे मामा, माझं कायच चुकत नव्हतं!"