उस्तादाच्या घरच्या कड्या

गल्लीत त्याला सगळे उस्ताद म्हणत. कुणाची किल्ली हरवली, कुणी दार ओढून बाहेर अडकलं, की हा पिशवी घेऊन हजर. कुलूप तोडायला काय, कुणीही तोडेल, तो उघडायचा. स्वतःच्या कौतुकात त्याने कधी हात आखडता घेतला नाही.

म्हणूनच नंतर त्याला स्वतःची इतकी लाज वाटली. डोक्यात आवाज येतात म्हणून त्याची धाकटी बहीण चार दिवस खोलीला आतून कुलूप लावून बसली, पाण्यालाही शिवेना. उस्तादाने हाक मारली नाही, दार वाजवलं नाही. अर्ध्या मिनिटात कुलूप उघडलं आणि वर घड्याळ पाहिलं. बहीण भिंतीला चिकटून थरथरतेय आणि हा शहाणा वेळ मोजतोय!

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "त्या राहायला नको म्हणतायत. जिवाला धोका आहे?"

"आहे," म्हणत त्याने भरतीच्या कागदावर सही केली. ती सही चुकली नाही, हे त्याला आजही वाटतं. पण सही करताना त्याने बहिणीकडे पाहिलं नव्हतं.

ती तिथे असताना त्याने घरातल्या आतल्या सगळ्या कड्या-कुलपं काढून टाकली. न्हाणीघराचीसुद्धा. बायको म्हणाली, "आता आंघोळ करताना गात जा, म्हणजे आत कोण आहे ते कळेल." उस्ताद गायला लागला. तिसऱ्या दिवशी शेजारीण विचारायला आली, सगळं ठीक आहे ना म्हणून.

तीन आठवड्यांनी बहीण घरी आली. आपल्या दाराला उरलेल्या स्क्रूच्या भोकांवरून तिने बोट फिरवलं.

"दादा, तिथेही कडी नव्हती."

मग आठवडाभर ती त्याच्याशी बोलली नाही. आपण तिला वाचवलं की गमावलं, ते उस्तादाला कळेना. दुसऱ्यांच्या दारांत आयुष्य गेलं आणि घरचं दार हे असं! शेवटी त्याने तिच्या दाराला नवं कुलूप बसवलं. ते आतून लागायचं, बाहेरून फक्त किल्लीने उघडायचं. किल्ली एकच.

"ही तू ठेव. नाहीतर वहिनीला दे. मला नको, माझा हात फार सराईत आहे."

तिने किल्ली बराच वेळ हातात धरली. "आणि मला परत तसं झालं तर?"

तिने किल्ली त्याच्याच हातावर ठेवली.

"तुझ्याकडेच असू दे. पण आधी दार वाजव. मी बोलले नाही तर परत वाजव, हाक मार. तरीही बोलले नाही, तर उघड."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहाचा कप घेऊन दारापाशी गेला. किल्ली खिशात होती. त्याने दार वाजवलं.

"थांब जरा," आतून आवाज आला.

उस्ताद थांबला. चहावर साय धरली. अर्धं मिनिट कधीच उलटून गेलं होतं, पण त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही.