दुसऱ्या अंकातलं पाणी

लग्न होऊन मी लातूरला आले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी मला दोन गोष्टी बजावल्या. नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला "वन्सं" म्हणायचं आणि त्यांच्या गाण्याचा विषय घरात काढायचा नाही. माझ्या माहेरी, नांदेडकडे, नणंदेला सरळ अक्का म्हणायचे. "वन्सं" हा शब्द मला पुस्तकातला वाटायचा. तोंडात बसायचा नाही, पण बसवला. दुसरी गोष्ट पाळायची मला कधी गरजच पडली नाही, कारण तो विषय वन्सं स्वतःच दिवसातून चार वेळा काढायच्या.

त्या नऊ वर्षांच्या असताना नांदेडला एक फिरती नाटक कंपनी आली होती. तिनं केलेलं एक संगीत नाटक त्यांनी चुलत्याच्या मांडीवर बसून पाहिलं. निजामाच्या काळात आमच्याच भागातल्या कुणा मास्तरांनी ते लिहिलं होतं, आणि कंपनी बुडाल्यावर कुणी त्याला हात लावला नाही. वन्संना मात्र त्यातली सगळी पदं पाठ होती. विशीत त्यांनी वडिलांपुढे स्टेजचं नाव काढलं. आमचं घर अडत्यांचं, सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय चूल न पेटवणारं. सासरे म्हणाले होते, "रंग फासून हुबारायचं असंल तर आमच्या नावानं आंघोळ कर आन् जा." वन्सं गेल्या नाहीत. त्यांचं लग्न झालं, ते सहा वर्षांत संपलं. पांढरं कपाळ घेऊन त्या परत आल्या आणि मुलींच्या शाळेत गाणं शिकवू लागल्या.

मी त्यांना एकदा चिडून विचारलं होतं, तुम्हाला नेमकं पाहिजे तरी काय? त्यांनी जराही विचार न करता सांगितलं, "एक वन्स मोअर. आयुष्यात एकच. मग मी गप्प बसते."

सासरे गेले, सासूबाई गेल्या. लातूरचा जिल्हा झाला. उस्मानाबादची वारी चुकली म्हणून लोक खूश होते, नव्या कचेऱ्यांच्या पाट्या वाचत हिंडायचे. आणि मग पावसानं दगा दिला. एक वर्ष, दुसरं वर्ष. आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा टँकर यायचा. बायका पहाटेपासून घागरी रांगेत लावून ठेवायच्या आणि घागर पुढे सरकवण्यावरून एकमेकींचे केस उपटायच्या. मीही दोनदा उपटले आहेत, खोटं कशाला बोलू.

अशा श्रावणात जिल्ह्याच्या वाढदिवसाची टूम निघाली. समितीला स्थानिक कार्यक्रम हवा होता. वन्संनी जाऊन नाटकाचं नाव दिलं आणि गंमत म्हणजे समितीनं ते घेतलं. मोंढ्यातलं धान्याचं एक गोदाम मोकळंच होतं, कारण माल आलाच नव्हता. बँकेतले एक कारकून राजा झाले, पन्नाशीच्या वन्सं राणी झाल्या. पायपेटीला नांदेडहून एक उस्ताद आले. त्या जुन्या कंपनीत त्यांनी पोरवयात पेटी वाजवली होती. डाव्या कानानं त्यांना काही ऐकू यायचं नाही, पण कंपनीची शिस्त अजून अंगात होती. तालमीत ते सगळ्यांना बजावायचे, "बघा बाई, वन्स मोअर आलं की सवाल न्हाई करायचा. पब्लिक मालिक हाय. जिथून पद सुरू झालं तिथं मागं फिरायचं. गाणं बी परत, काम बी परत."

माझं आणि वन्संचं भांडण झालं ते दुसऱ्या अंकावरून. राजानं हाकललेली राणी रानात एका वठलेल्या झाडाला झारीनं पाणी घालत पद म्हणते, आणि झाडाला पालवी फुटते. कंपनी तिथं खरं पाणी वापरायची. मी म्हटलं, रिकामी झारी वाकडी करा, कुणाला कळतंय? तर म्हणाल्या, "रिकाम्या झारीला माझा सूर लागत न्हाई." त्यांनी आपल्या आंघोळीच्या वाट्यातून रोज एकेक तांब्या कळशीत साठवायला सुरुवात केली. स्वतः ओल्या फडक्यानं अंग पुसायच्या. पाणी त्यांच्या वाट्याचं होतं, मला तोंड उघडायला जागा नव्हती. पण मोरीत माझं धुणं चार दिवसांचं तुंबलेलं असायचं आणि शेजारी ती झाकलेली कळशी. तिच्याकडे बघितलं की माझं डोकं फिरायचं.

प्रयोग दुपारी चारला होता. पत्र्याचं गोदाम, वरून तापलेलं. तीनेकशे माणूस आलं. नाटकाला आलं असं म्हणवत नाही. जिल्ह्याचे मोठे साहेब येणार आणि पाण्याचं काहीतरी सांगणार, अशी गावात बोलवा होती. साहेब तासभर उशिरा आले, पुढच्या खुर्च्यांवर बसले. तीन भाषणं झाली. नव्या जिल्ह्याचं भविष्य उज्ज्वल असल्याचं तिघांनीही सांगितलं. पाण्याबद्दल चकार शब्द नाही. एकजण मागून ओरडला, "जिल्हा दिलाव, आता पानी कवा देताव?" त्यावर टाळ्या पडल्या, आणि त्याच टाळ्यांत पडदा उघडला.

नांदी लांबली. "आरती झाली असंल तर परसाद वाटा," असं कुणीतरी म्हणालं. राजानं दोन वाक्यं बोलून पद सुरू केलं, दोन वाक्यं बोलून दुसरं. पुरुषांच्या बाजूनं आवाज आला, "आवं बोला की सरळ, कामून गाऊन राहिलात?" लोक हसले. ते हसणंही चांगलं नव्हतं, तापलेलं होतं. माझ्या मागे बसलेली बाई शेजारणीला म्हणाली, "सिनिमात गाणं आसतंय, पर मधी कायतरी घडतंय की. हितं निस्तं गाणंच." पहिला अंक संपला तेव्हा निम्म्या खुर्च्या मागे फिरवून लोक आपापसात बोलत बसले होते. साहेब मंडळी घड्याळ बघत होती. मला लोकांचा राग आला, आणि ज्यांनी हा घाट घातला त्या वन्संचाही आला.

दुसरा अंक उघडला. वन्सं आल्या. हिरवं लुगडं, हातात झारी. त्यांनी पहिला स्वर लावला आणि झारी वाकवली.

पाणी दिसल्याबरोबर सगळं गोदाम गप्प झालं. वन्संना वाटलं असणार की गाणं पोचलं. धार झाडाच्या बुंध्यावर पडली, फळ्यांवरून वाहत कडेला आली आणि खाली मातीत ठिबकायला लागली. मग तिचा ओघळ होऊन तो साहेबांच्या खुर्च्यांखाली गेला. पुढे बसलेल्या एका म्हातारीनं वाकून त्यात बोटं भिजवली आणि डोळ्यांना लावली. तिच्याकडे बघून पहिला माणूस उठला.

"आवं, खरं पानी हाय!"

"टँकर हिकडं आला व्हय! आन् आमी लायनीत!"

"साहेबाच्या नाटकाला पानी हाय, लेकराला न्हाई!"

देवळातले जंगमस्वामी मधल्या रांगेत बसले होते, एरवी अगदी मऊ माणूस. ते उभे राहून म्हणाले, "आज सोमवार हाय. देवाच्या डोईवर मी आज पळीभर पानी घातलंय, पळीभर. आन् ही बया लाकडाच्या झाडाला झारी वतायली." ते ओरडले नाहीत, म्हणूनच जास्त झोंबलं. "नो मोअर! नो मोअर!" असा कालवा उठला. वन्सं डोळे मिटून गात होत्या. त्या पदात त्या डोळे मिटायच्याच, आणि मिटल्या की त्यांना बाहेरचं काही कळायचं नाही. धागा ओढला गेला, झाडाला कागदी पालवी फुटली, पद संपलं. झारीत अजून पाणी होतं आणि झाडामागे कळशी अर्धी भरलेली होती.

आता तरी त्यांनी आत जावं म्हणून मी बायकांतून उठले. तोंडाशी हात धरून जिवाच्या आकांतानं ओरडले, "वन्सं! पुरे!"

"वन्सं" तेवढं गोदामभर घुमलं. "पुरे" त्या कालव्यात कुठल्या कुठे गेलं.

बायकांची बाजू उस्तादांच्या उजव्या कानाकडे होती. मी बघितलं, त्यांची मान झटक्यात वर झाली. "वन्स मोअर!" असं पुटपुटून त्यांनी भाता दाबला आणि पदाची पहिली ओळ वाजवली. वन्संनी डोळे उघडले. त्या वेळचा त्यांचा चेहरा मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. त्यांनी पेटीकडे बघितलं, उस्तादांनी मान डोलावली. वन्संनी लोकांना वाकून नमस्कार केला, शिव्या देणाऱ्या तीनशे लोकांना, आणि झाडामागे जाऊन झारी पुन्हा काठोकाठ भरली.

दुसऱ्यांदा धार पडली आणि खुर्च्या उलथल्या. साहेब मंडळी बाजूच्या दारानं निघून गेली. चपला आल्या. एक चप्पल राजाला लागली, जो त्या प्रवेशात नव्हताच, विंगेत उभा होता. तेवढ्यात एक काळीसावळी बाई पदर खोचून स्टेजवर चढली. तिनं वन्संकडे बघितलंसुद्धा नाही. झाडामागची कळशी उचलली, कमरेवर घेतली आणि मधल्या वाटेनं दाराबाहेर चालती झाली. तिला कुणी अडवलं नाही. त्या दिवसातल्या सगळ्यात जोरदार टाळ्या तिला पडल्या. मग कुणीतरी पडदा सोडला.

पुढचे आठ दिवस आम्ही काय ऐकलं ते सांगायला नको. मोंढ्यात माझ्या नवऱ्याला "राणीचा भाऊ" म्हणायला लागले. बिननावाची कार्डं आली, एकात फक्त "तुमची झारी फुटो" एवढंच होतं. शाळेच्या मोठ्या बाईंनी वन्संना बोलावून वय काय, वागणं काय, असं सुनावलं. ते पाणी वन्संनी आंघोळ टाळून साठवलेलं होतं, हे मी दहा जणींना सांगितलं. एकीनंही ऐकून घेतलं नाही. खरं तर मीही ते मनापासून सांगत नव्हते.

वन्सं मात्र डगमगल्या नाहीत. कार्डं वाचायच्या, घडी घालून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "असू दे गं. तीनशेंनी शिव्या दिल्या, पण एकीनं वन्स मोअर दिला. बाईमाणसाचा आवाज होता, मी ऐकला." ती कोण असेल याचा त्या शोध घेऊ लागल्या. कापडवाल्यांची सून? दवाखान्यातल्या नर्सबाई? एका संध्याकाळी तर त्या दोन घरी जाऊन विचारूनही आल्या. मी भाकरी थापत राहिले.

मग टँकरचा दिवस आला. माझी घागर रांगेत सातवी होती. एका बाईनं ती उचलून पार मागे ठेवली. "तुमच्या घरी झाडाला वतायला पानी हाय की. लायनीत कामून आलीस?" बाकीच्या हसल्या. मी भांडले, पण सगळ्या एका बाजूला. माझी पाळी आली तेव्हा टँकरनं तळ गाठला होता. अर्धी घागर गढूळ पाणी घेऊन मी घरी आले, तर वन्सं ओसरीत बसून उस्तादांना कार्ड लिहीत होत्या. मला बघून हौसेनं वाचून दाखवू लागल्या. प्रयोग नांदेडला करायचा ठरवलाय, आपल्या पदाला रसिक आहेत हे लातूरला सिद्ध झालंय, एक असला तरी पुरे.

"कुणी नव्हतं," मी म्हटलं. घागर अजून माझ्या कमरेवरच होती. "ती मी होते. मी तुम्हाला हाक मारली. वन्सं, पुरे, असं ओरडले. उस्तादांना अर्धंच ऐकू आलं."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"पुरे म्हणायला उठली होतीस?"

"हाव."

मला वाटलं रडतील, नाहीतर मला चार शब्द सुनावतील. मी त्याचीच वाट बघत होते, म्हणजे मलाही पाण्याचं सगळं बोलून घेता आलं असतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "तू तर दोन्ही वेळा पुढंच होतीस. पद कसं झालं तेवढं सांग."

"चांगलं झालं," मी लगेच म्हटलं.

"कोणती जागा चांगली झाली?"

गाण्यातल्या जागा मला कळत नव्हत्या असं नाही. दहा वर्षं त्यांचं तेच पद ऐकत मी त्या घरात भाकरी थापल्या होत्या. अंतऱ्यात कुठे थांबतात, कुठे वळतात, सगळं मला ठाऊक होतं. मी आठवायला लागले. पहिल्या वेळची धार आठवली, फळ्यांवरून आलेला ओघळ आठवला, खुर्च्यांखालची ओली माती आठवली. झारी दुसऱ्यांदा किती भरली होती तेही आठवलं. सूर एकही आठवेना.

वन्सं माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या होत्या. त्यांनी इतकी वर्षं मुलींना शिकवलं होतं. ऐकून बोलणारी कोण आणि न ऐकता बोलणारी कोण, हे त्यांना तोंडावरून कळायचं. ते त्यांना कळलं, आणि त्यांनी कार्ड फाडलं. तीनशे लोकांनी त्यांना शिव्या दिल्या त्याचा मला राग आहेच, पण पद न ऐकणाऱ्यांत मी सगळ्यात जवळ बसले होते.