फळ्यावरचं उदाहरण

मुलांनो, एका जागी कधीच स्थिर न राहणाऱ्या गोष्टी मी दोनच पाहिल्या: समुद्र आणि आमचे तळमजल्यावरचे काका. नव्वदच्या सुमारास आम्ही नवीन पनवेलला राहायला आलो, तेव्हा ते कोर्टातल्या टायपिस्टच्या नोकरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, आणि पंप सुरू केला की टाकी भरेपर्यंत चार जिने वर-खाली. हातातली वस्तू वाटेत कुठेही ठेवायचे. एकदा त्यांचा चष्मा आमच्या तुळशीत सापडला. नेम मात्र एकच आणि पक्का. रोज सकाळी सोसायटीच्या फळ्यावर, पाण्याच्या वेळांखाली, ते एक इंग्रजी शब्द लिहीत. त्याचा अर्थ, त्याचं मूळ आणि उदाहरण बिल्डिंगमधलंच. ‘प्रोक्रॅस्टिनेट’ म्हणजे चालढकल करणे, या शब्दापुढे सेक्रेटरींचं नाव आलं, आणि गच्चीची गळती आठवड्यात थांबली.

तो नेम एकदाच मोडला, त्यांचं मनगटी घड्याळ हरवलं तेव्हा. उरणहून मासळी घेऊन येणारी मावशी त्या सकाळी जिन्याखाली बसली होती, एवढंच ते चारचौघांत बोलले. संध्याकाळपर्यंत त्याचं ‘मावशीने नेलं’ झालं. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी तिला गेटवरच अडवलं.

“मला घड्याल कशाला? आमाला येल दर्या सांगतो,” ती म्हणाली. “पन आता बाकीच्या बिल्डिंगीत पन मला कोन घेनार नाय.”

तिसऱ्या सकाळी काकांनी खडूचा डबा उघडला, तर घड्याळ आत. त्या दिवशीचा शब्द होता ‘ॲस्पर्शन’. अर्थ: बदनामी, खोटा आळ. मूळ: लॅटिन, शिंपडणे. उदाहरणापुढे त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं.

“आपणही शिंतोडे उडवणं म्हणतोच की,” मी म्हटलं.

“हो वहिनी. पण उडवणारा कोरडाच राहतो, हे कुठल्या डिक्शनरीत दिलेलं नाही.”

मग ते रोज, आमच्या इथे उरणची बस येते त्या थांब्यावर जाऊन उभे राहू लागले. मावशी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन, त्यांच्याकडे न बघता, शेजारच्या खांदा कॉलनीची वाट धरायची. सहाव्या दिवशी मी भाजीला गेले होते, म्हणून पुढचं पाहिलं. ती थांबली.

“काका, फल्यावर सवताचा नाव लिवलात म्हनं.”

“लिहिलं.”

“मग पाटी उतरवा.”

जन्मात मासळीला न शिवलेल्या काकांनी दोन्ही हातांनी पाटी धरली. खांद्यापासून खिशापर्यंत पांढऱ्या शर्टावर पाणी ओघळलं. मी रुमाल पुढे केला.

“राहू द्या,” ते म्हणाले. तिने दम घेतल्यावर त्यांनी पाटी पुन्हा तिच्या डोक्यावर चढवली आणि तिच्या चालीने, अगदी सावकाश, बिल्डिंगपर्यंत आले. तो शर्ट पाहून सेक्रेटरी गेटमधून बाजूला झाले.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. फळ्याच्या जागी काचेची पेटी आली, नोटिशी कुलुपात असतात. तुम्ही फोनवर कुणाबद्दल काही ऐकलेलं सांगू लागलात, की माझा हात उगाच खडू शोधतो.