डॉक्टरबाईंचा बोंबील-व्यायाम

"हसा बघू." समोर कुणीही असो, आमच्या डॉक्टरबाईंचं पहिलं वाक्य हेच. तुम्ही बिचकून हसलात की लगेच पुढचं, "आता दोन्ही हात वर." लकवा ओळखायची ही सोपी रीत. तोंड वाकडं होतंय का, एक हात खाली घसरतोय का, ते चटकन दिसतं. पण बाईंना त्याची सवयच जडली होती. लकव्यानंतर माणसं पुन्हा कामाला कशी लागतात, यावर डहाणू-तलासरीत त्यांचं संशोधन चालू होतं आणि मी त्यांच्या हाताखाली फिजिओथेरपिस्ट. म्हणजे व्यायाम त्या सांगणार आणि लोकांची समजूत मी घालणार.

एकदा झाईजवळ, गुजरातच्या हद्दीवर, एका पोलिसानं आमची गाडी थांबवली. त्याचा एक गाल बाईंना वेगळा वाटला. त्यांनी काच खाली केली. "हसा बघू. आता दोन्ही हात वर." बिचाऱ्यानं दोन्ही केलं. पोलीसच हात वर करून उभा आहे म्हटल्यावर मागचा टेम्पोवाला हात वर करून खाली उतरला, आणि त्याच्या मागचाही. गालात तंबाखू होती, एवढंच निघालं. बाईंनी तंबाखूवरही तिघांचं बौद्धिक घेतलं.

धाकटी डहाणू गावातल्या एका मावशींचा उजवा हात लकव्यानं गेला होता. व्यायामानं मूठ आवळता येऊ लागली, पण आवळलेली मूठ उघडेना. कपाचा कान धरला की बोटं सोडवायला मी जायचं. मावशींचा सगळा जन्म बोंबील सुकवण्यात गेलेला. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी वलांडीवर, म्हणजे वाळवणासाठी आडव्या बांधलेल्या बांबूवर, टाकून सोडून द्यायची. आता सोडणंच जमत नव्हतं. जावा कामाला जायच्या आणि मावशी घरात बसून भिंतीशी भांडायच्या. त्यांच्याकडे पाहून मला फार वाईट वाटे.

बाईंनी त्यांना रबरी चेंडू दिला. "हा दाबायचा, सोडायचा."

"बॉल दाबून काय वाळणार गो पोरी?" मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चेंडू कुत्र्यानं नेला. मावशींनीच दिला असणार, माझी खात्री आहे.

मग बाई बादलीभर ताजे बोंबील घेऊन आल्या. हाच व्यायाम. पण आधी आपल्याला यायला हवं म्हणून स्वतःच वलांडीपुढे उभ्या राहिल्या. बोंबील म्हणजे बुळबुळीत प्रकरण. एक निसटला तो थेट बाईंच्या बाहीत शिरला. आजारपणानंतर मावशी पहिल्यांदाच खदखदून हसल्या. बाहीतून बोंबील ओढून काढता काढता बाई मला म्हणाल्या, "तोंड अगदी सरळ आहे. लिहून घे."

पुढे गाडीत तो वास असा मुरला की तलासरीच्या पाड्यांवर पेशंटच्या आधी मांजरं जमायची. तिथे बाई भाताच्या पेंढ्या बांधायला लावायच्या. ज्याचं जे काम, त्याचा तोच व्यायाम. त्यांनी हे सगळं एका परदेशी मासिकाला लिहून पाठवलं. तिकडच्या संपादकाची विचारणा आली, बोंबलाऐवजी दुसरा मासा चालेल का? बाई दिवसभर धुसफुसत होत्या. "दुसरा मासा म्हणे. बोंबील कधी खाल्ला तरी असेल का यानं?"

संशोधनाची मुदत संपली आणि बाईंची निघायची वेळ आली. मावशी वलांडीवर जाऊ लागल्या होत्या, पण प्रत्येक जोडी टाकली की उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं उघडावी लागत. तेवढं राहिलं, याची रुखरुख बाईंना लागली होती.

निरोपाला मावशी रस्त्यापर्यंत आल्या. त्यांनी उजव्या हातानं बाईंचं मनगट धरलं, आणि मूठ आवळली ती आवळलीच. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. सवयीप्रमाणे मी बोटं सोडवायला पुढे झाले, तर बाईंनी मानेनंच नको म्हटलं.

"मावशी, घाई नाही. सावकाश."

मावशींनी डावा हात पाठीमागे नेला. ओठ घट्ट मिटले. बऱ्याच वेळानं करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट. पुन्हा हॉर्न वाजला, कुणी लक्ष दिलं नाही. सगळ्यात शेवटी अंगठा उचलला गेला.

"सुटला बघ," मावशी म्हणाल्या. "जा आता."

बाई मात्र मनगट तसंच पुढे धरून उभ्या राहिल्या.