रतनबाईनं माफ केलं नाही

रतनबाईला नगरच्या दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा दारात जमलेल्या बायकांनी बन्सीला विचारलं, "डॉक्टर काय म्हनले?"

"घरी न्या म्हनले," बन्सी म्हणाला.

पुढं कुणी काही विचारलं नाही. कॅन्सर यकृतातून पोटभर पसरला होता आणि पाथर्डीकडच्या त्या गावात 'घरी न्या'चा अर्थ सगळ्यांनाच कळतो.

बन्सी शेरडं राखायचा. उंच, खांद्यातून वाकलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. घरातलं बोलायचं काम त्याच्या बायकोचं. रतनबाई शाळेत खिचडी शिजवायची आणि उलथनं हातात घेऊन गुरुजींनाही झापायची. आता तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. पोट फुगलं होतं, दंडाची हाडं दिसत होती. बन्सी तिला कुशीवर वळवायचा, ओल्या फडक्यानं पुसून काढायचा, केस विंचरायचा, चमच्यानं पेज पाजायचा. ती पेज प्यायची, पण शिव्या घालत.

"गार झाली. तुमाला पेज बी करता येत न्हाई धड."

"गरम करतो."

"ऱ्हाऊ द्या."

भेटायला येणारे शहाळं, सफरचंदं घेऊन यायचे, दोन उसासे टाकायचे आणि जाताना एकच बोलायचे. रतनबाई, आता भावाशी बोल. मनात ठेवून जाऊ नको. तिचा मुलगा समर्थही तेच म्हणायचा. तो एमआयडीसीत कामाला होता आणि ती नोकरी मामानंच लावून दिली होती.

हा मामा म्हणजे बिभीषण, रतनबाईचा धाकटा भाऊ. आई लवकर गेल्यामुळं तिनंच त्याला कडेवर वाढवलं होतं. पुढं तो ऊसतोडीचा मुकादम झाला. दरसाल दसरा झाला की गावातल्या जोड्या गोळा करून कारखान्याच्या फडावर न्यायचा. फडात नवराबायकोच्या जोडीला काम, एकट्या पोराला कुणी धरत नाही. बिभीषणाच्या बायकोचा भाचा असाच एकटा होता. त्याच्यासाठी बिभीषणानं आपल्या भाचीलाच, रतनबाईच्या पोरीला मागितलं. पंकजाला पंधरावं सरलं नव्हतं. रतनबाई नको म्हणत होती. बैठकीत बन्सी मान खाली घालून बसला आणि शेवटी "बरं" म्हणाला.

दुसऱ्या हंगामात पंकजा पोटुशी असताना डोक्यावर मोळ्या वाहत होती. श्रीगोंद्याकडच्या एका फडात भर उन्हात तिला रक्त जायला लागलं. दवाखाना लांब होता आणि वाहन एकच, मुकादमाचा ट्रॅक्टर. तो निम्मा भरला होता. बिभीषण म्हणाला, "गाडी भरू द्या, मग नेऊ." त्या फडात बन्सीही होता, मेव्हण्याच्या टोळीत वरकामाला. त्यानं दोनदा विनवलं. मग तोही मोळ्या वर द्यायला लागला, गाडी लवकर भरावी म्हणून. गाडी भरली तेव्हा पंकजा बांधावर थंड होत आली होती. दवाखान्याच्या वाटेवर ती उसाच्याच मोळ्यांवर गेली.

रतनबाई तेव्हा समर्थच्या शाळेसाठी गावात राहिली होती. तिला कळलं ते प्रेत दारात आल्यावर. त्या दिवसापासून बारा वर्षं ती भावाशी बोलली नाही. बन्सी पुन्हा कधी तोडीला गेला नाही. नवऱ्याशी ती बोलायची, भाकरी वाढायची, पण पंकजाचं नाव त्याच्यासमोर कधी काढलं नाही.

एका सकाळी समर्थनं मामाला सरळ आतच आणलं. बिभीषण खाटेच्या पायथ्याशी बसला आणि रडायला लागला.

"आक्का, चुकलं माझं. माफ कर."

रतनबाईनं तोंड त्याच्याकडं वळवलं. "काय चुकलं?"

"सगळंच चुकलं."

"सगळं न्हाई. काय चुकलं त्ये तोंडानं सांग."

बिभीषणानं डोळे पुसले. "आक्का, त्या टायमाला गाडी तशीच सोडली असती तर कारखान्यानं माझी टोळीच बंद केली असती. तीस मानसांचं पोट व्हतं. मला काय ठावं, पोर येवढी..."

"बघ," रतनबाई म्हणाली. "आजून तू गाडीच भरतोय. जा."

"आये, मरताना तरी..." समर्थ बोलून गेला आणि थांबला.

"मरतेय मी. तुमची सोय कशाला करू?" ती म्हणाली आणि भिंतीकडं वळली.

दोघं बाहेर गेल्यावर तिनं बन्सीला जवळ बोलावलं. सवाष्ण गेली की माहेरचं लुगडं तिच्या अंगावर घालतात. "त्याचं लुगडं माझ्या अंगाला लागू द्यायचं न्हाई," ती म्हणाली. "येवढं तरी जमंल का तुमाला?"

"जमंल."

"तुमी व्हतात की तिथं," ती म्हणाली. बारा वर्षांत पहिल्यांदा. बन्सी वाट बघत उभा राहिला, पण ती पुढं काही बोलली नाही.

त्यानंतर कळा वाढल्या. गोळ्या पुरेनात. ती ओरडायची तेव्हा शेजारचे दार लावून घ्यायचे. शेवटचे दोन दिवस ती कुणालाच ओळखत नव्हती. एका दुपारी बन्सी तिच्या ओठांवर पाणी लावत होता आणि ते ओघळून उशीवर गेलं. तेव्हा त्याला कळलं.

बायकांनी तिला न्हाऊ घातलं. बिभीषणाची बायको हिरवंगार नऊवारी लुगडं घेऊन आली आणि म्हाताऱ्यांनी ते प्रेतावर पसरलं.

"काढा त्ये," बन्सी म्हणाला.

कुणी ऐकलं नाही. त्याचं ऐकायची गावाला सवयच नव्हती. मग तो स्वतः पुढं झाला आणि लुगडं ओढून काढलं. समर्थनं त्याचा हात धरला.

"आण्णा, लोकं बघत्यात."

"बघू दे. त्या दिवशी बी लोकं बघतच व्हती."

बिभीषण हात जोडून आडवा आला. "दाजी, माझी बहीन हाय ती. माझा हक्क हाय."

"पंकीबी तुझी भाची व्हती," बन्सी म्हणाला. "गाडी भरली न्हवती ना रं?"

त्यानं लुगडं बिभीषणाच्या हातात कोंबलं आणि ट्रंकेतून रतनबाईचं शाळेत नेसायचं पातळ काढून आणलं, हळदीचे डाग पडलेलं. त्यातच तिला नेलं.

गावानं त्यालाच नावं ठेवली. मेलेल्या बाईचा अपमान केला म्हणाले. दहाव्याला माणसं आली ती थोडी, तीही लांब लांब बसली. बिभीषण गावभर रडत फिरला आणि लोक त्याची समजूत काढत राहिले. शब्द पाळल्यावर काहीतरी हलकं वाटेल असं बन्सीला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. फडातल्या त्या दुपारी एवढाच आवाज काढला असता तर, हे मात्र रोज शेरडांमागं चालताना त्याच्या मनात येत राहिलं.

समर्थ चार महिने फिरकला नाही. आला तेव्हा दारातच म्हणाला, "मामाशी बोला आता. मला तोंड दाखवायला जागा न्हाई."

बन्सीनं पिठलं केलं होतं. त्यानं ताट वाढलं आणि समोर बसला. समर्थ जेवायला लागल्यावर विचारलं, "तुझी आई... तुझ्यापाशी माझं काय बोलली व्हती का? मला माफ केलं का न्हाई, असं?"

समर्थनं घास तोंडात तसाच धरला. मग मान हलवली.

"न्हाई आण्णा. तुमचं नावच काढलं न्हाई."

"बरं," बन्सी म्हणाला आणि त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.