बावीस नंबरची पाटी

एका गाडीचा नंबर पुढे दुसऱ्या गाडीला मिळतो का, असं एका वाचकानं मागच्या अंकात विचारलंय. मिळतो. मी स्वतः दिलाय... आणि त्याचाच हा अनुभव आहे. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. उभी हयात दफ्तरात गेली. शिक्क्याचा कागद नसता तर मी देवालाही ओळख दाखवली नसती. पण आता वय झालंय, आणि ही गोष्ट मनात वागवून खरंच थकलोय.

निजामी राजवटीतली गोष्ट. बीडला मोटारींचे नंबर देण्याचं काम माझ्याकडे होतं. मोटारी थोड्याच, पण कटकट मोप. नियम असा, की गाडी निकामी झाली की तिची पाटी दफ्तरात जमा करायची. मी त्या पाटीला भोक पाडायचो, तारीख घातलेली चिठ्ठी तारेनं बांधायचो आणि पेटीत टाकायचो. त्यानंतरच तो नंबर दुसऱ्याला देता यायचा.

बीड-वडवणी रस्त्यावर बावीस नंबरची सर्व्हिस मोटार धावायची. इंग्रजी आकड्यातले ते दोन दोन बघून वाचता न येणारे बाजारकरी तिला ‘जोडबदकाची मोटार’ म्हणायचे. एका पावसाळ्यात ड्रायव्हर काशिमभाईनं ओढ्याअलीकडे उतारू उतरवले आणि रिकामी मोटार पाण्यात घातली. मोटार वाहून गेली. काशिमभाईही गेला. पुढे मोटारीचा सांगाडा सापडला, पाटी मात्र नाही.

मालकानं नवी मोटार घेतली आणि हट्ट धरला – नंबर बावीसच पाहिजे, लोक बदकं बघूनच चढतात. रोज येऊन माझ्या टेबलापाशी बसायचा. पाटी नाही तर नंबर नाही, हे मी किती वेळा सांगायचं? शेवटी एका दुपारी वैतागून वहीत लिहून टाकलं, ‘जुनी पाटी जमा’. एवढंच. बला टळली म्हणून पान खायला गेलो.

नव्या मोटारीवर किसन ड्रायव्हर लागला. माझ्याच गल्लीतला, धनगराचा मुलगा. मेंढरं सोडून स्टिअरिंग धरणारा घरातला पहिलाच. ड्रायव्हर म्हणूनच त्याची सोयरीकही जुळली होती.

उन्हाळ्यात वडवणी नाक्याची वही दफ्तरात आली तेव्हा घोटाळा दिसला. दर बाजारच्या दिवशी बावीस नंबर सकाळी आठला वडवणीकडे गेलेला, आणि साडेआठला पुन्हा वडवणीकडेच! मधे परत आल्याची नोंद नाही. साहेबांनी अर्थ काढला, की किसन आडवाटेनं परत येऊन चोरून दुसरी खेप मारतो. लायसन्स रद्द होणार, हे जवळपास ठरलं.

किसन माझ्याकडे आला. "मुन्शीजी, आईची आन, मी एकदाच गेलतो. दुसरी खेप न्हाई मारली. लायसन गेलं तर सोयरे पोरगी देणार न्हाईत."

पुढच्या बाजारच्या सकाळी मी नाक्यावर जमादाराशेजारी जाऊन बसलो. आठला किसन गेला, मला हात करून गेला. साडेआठला दुसरी मोटार आली. जुन्या बांधणीची, आत एकही उतारू नाही. चैत्रातलं ऊन, वीतभर फुफाटा, आणि चाकांतून पाणी निथळत होतं... पुढे पाटी – बावीस. जमादारानं सवयीनं दांडा उचलला, नंबर लिहिला. ड्रायव्हरनं मान वळवली नाही, पण काशिमभाईला मी दहा वर्षं बघत होतो. तो काशिमभाईच होता.

"हीच ती दुसरी खेप," जमादार म्हणाला. "मला पाटी बघायचं काम हाय, मुन्शीजी. तोंडं न्हाई बघत मी."

भूत पाहिलं असं दफ्तरात सांगून कोण ऐकणार? पण खरं एक सांगता येत होतं. जुनी पाटी जमा झालेलीच नाही, ती बाहेर आहे, दुसऱ्या कुणाच्या गाडीवर असू शकते. माझी नोकरी जाईल, पण किसन सुटेल. रात्रभर विचार केला. सकाळी साहेबांपुढे उभा राहून खोटी नोंद कबूल केली.

साहेबांनी पेटी उघडायला लावली.

पाटी सगळ्यात वर होती. बावीस नंबर, कडेला ओली वाळू. भोक पाडलेलं. तारेला चिठ्ठी, त्या वैतागलेल्या दुपारची तारीख, आणि अक्षर माझं. मी ती चिठ्ठी लिहिली नव्हती. आजही शपथेवर सांगतो.

साहेब रागावले नाहीत, हेच वाईट. "मुन्शीजी, शेजाऱ्यासाठी इतकं खोटं बोलू नये," म्हणाले, आणि किसनचं लायसन्स रद्द करायच्या कागदावर सही केली. मी किती विनवण्या केल्या... वही खरी, पाटी हजर, खोटा फक्त मी. मोटारीला पुढे दुसरा नंबर दिला आणि नाक्यावरच्या त्या नोंदी थांबल्या. कशा सुरू झाल्या, पाटी पेटीत कुणी ठेवली – मला आजवर कळलेलं नाही, आणि आता कळून घ्यायची ताकदही नाही.

किसनची सोयरीक मोडली. मेंढरं घेऊन निघण्याआधी तो घरी आला आणि माझ्या पाया पडला.

"माझ्यापायी स्वतःवर खोटा आळ घेतला तुमी," म्हणाला. "सख्खा भाऊ करणार न्हाई, मुन्शीजी. कशासाठी केलं एवढं?"

मी त्याला चहा दिला.